बोटीखालचं गाऱ्हाणं

पार्से गावच्या आमच्या काकांनी देवाला कधी स्वस्थ बसू दिलं नाही. म्हैस व्यायला झाली, काजू मोहरले, कुणी परीक्षेला निघालं, की काका नारळ घेऊन अंगणात उभे आणि खणखणीत आवाजात गाऱ्हाणं सुरू. त्यांनी मागायचं, मागे उभं राहून आम्ही 'होय म्हाराजा' म्हणायचं. पायाला मुंग्या आल्या तरी हलायची सोय नव्हती. कुणी कुरकुरलं तर म्हणत, "देवाक सांगल्याबगर भायर सरूंक जायना. मागीर तो म्हणता, माका खंय खबर होती?"

असे काका एका गाऱ्हाण्यापाशी मात्र अडून बसले. त्यांच्या एकुलत्या एका मुलाला, सुदेशला, बोटीवर स्वयंपाक्याची नोकरी लागली. काकी नारळ पुढे करी, काका तो उचलून परत कोनाड्यात ठेवीत. "झिलाक दर्यार धाड म्हणून हांवें सांगूं? आनी देवान आयकलां जाल्यार?" गाऱ्हाण्याशिवाय पोराला उंबरा ओलांडू द्यायला काकी तयार नव्हती. दोघांचा अबोला सुरू झाला.

जाण्याआधी एक दिवस तरी सगळे हसावेत म्हणून सुदेशनंच जीप ठरवली. जनावरांचं फार्म आणि त्याला लागूनच थीम पार्क, अशी सहल होती. जीपपुढे काकांनी गाऱ्हाणं घातलं, पण 'सांजवेळेपर्यंत सांभाळ' अशी मुदत घालून! आमचे काका देवाशीही पक्के व्यवहारी.

तिकीट काढून शेळ्या बघायच्या, हे त्यांना काही पटेना. उंच एमू पक्ष्यापुढे मात्र ते बराच वेळ थबकले. "हो कोंबो कोणे इतलो वाडयलो?" पुढे एक गाभण गाय दिसली. काकांनी तिच्या पाठीवर हात ठेवून तिथल्या तिथे गाऱ्हाणं घातलं. चारा घालणारा गडी सावंतवाडीकडचा निघाला. त्यानंही पाटी खाली ठेवून 'होय म्हाराजा' म्हटलं.

दुपारी थीम पार्कमध्ये सुदेश बोटीच्या आकाराच्या अजस्र झोपाळ्यात बसला. बोट झोके घेत आभाळाला भिडू लागली, आणि टोकाला बसलेल्या सुदेशनं भीतीनं डोळे घट्ट मिटले. खाली काका पांढरेफटक पडले. नारळ नव्हता, पाण्याची बाटलीच त्यांनी दोन्ही हातांनी वर धरली.

"बा देवा म्हाराजा! हो माझो झील बोटीर चडलो आसा. जसो गेलो तसो सुखरूप घरा हाड रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" काकी ओरडली. मग आम्ही. मग रांगेतली अनोळखी माणसंसुद्धा.

"जालां गाराणां," काकी पदरानं डोळे पुसत म्हणाली.

"ह्या बोटीखातीर घातलां," काका पुटपुटले.

"देवाक सगळ्यो बोटी सारक्योच."

काकांनी बाटली खाली घेतली. परतताना जीपमध्ये त्यांनी सुदेशचा हात धरून ठेवला होता. आठवड्यानं तो गेला, आणि पुढे दर वर्षी सुखरूप येत राहिला.

काका गेले तेव्हा सुदेश रजेवर घरी होता, एवढंच समाधान. सगळे विधी उरकून तो पुन्हा बोटीवर निघाला, तेव्हा काकीनं कोनाड्यातला नारळ त्याच्या हातात दिला. तो अंगणात, काका उभे राहत तिथंच उभा राहिला. "बा देवा म्हाराजा," म्हणाला आणि थांबला. पुढचं त्याला येईना. काका असताना शिकायची वेळच कधी आली नव्हती.

काकीनं तेवढ्यालाच 'होय म्हाराजा' म्हटलं, आणि तिच्यामागून आम्ही सगळ्यांनी.