जात्यावर विचारलेली गोष्ट

मागं ओव्या गोळा करणाऱ्या एक बाई माझ्याकडं आल्या होत्या. फोन तोंडापुढं धरून म्हणाल्या, "आजी, बाळाच्या ओव्या म्हणा ना. आईच्या मायेच्या." मी चार म्हटल्या, चंद्र, मोगरा, दुधाची वाटी, सगळं घालून. बाईंचे डोळे भरून आले. मला मनातून हसू येत होतं आणि रागही. बाळंतिणीच्या मनात नुसती मायाच असते, असं ह्यांना सांगितलं कुणी? माझं पहिलं पोर झालं त्या वर्षी माझ्या मनात मायेच्या जोडीला काय काय होतं, ते ऐकलं असतं तर बाईंनी फोन पिशवीत टाकून पहिली एस.टी. पकडली असती.

मी मुळातच संशयी. तुळजापुरात वाढले, देवळाच्या वाटेवर वडलांचं हळदीकुंकवाचं दुकान. गर्दीत वाढलेल्या पोरीला माणसाच्या तोंडाआधी हाताकडं बघायची खोड लागते. लग्न होऊन परंड्याच्या बाजूच्या एका खेड्यात आले तरी ती खोड गेली नाही. घरात माणसं दोनच, मी आणि सासू. सासरे आधीच गेलेले. नवरा कुर्डुवाडीला मालधक्क्यावर हमाली करायचा आणि पंधरा दिवसांनी एकदा यायचा. पहिलं बाळंतपण माहेरी झालं, मुलगा झाला. तिसऱ्या महिन्यात त्याला घेऊन सासरी परतले तेव्हा बाहत्तरचा दुष्काळ ऐन भरात होता.

सासूला मी आत्याबाई म्हणायची. त्यांचे गुडघे गेलेले, पण हात लोखंडाचे. बोलणं मोजकंच. माझ्यावर त्यांचाही भरवसा नव्हता, हे मी पहिल्या आठवड्यात ओळखलं. मी लेकराला पाजायला बसले की त्या दाराशी काहीतरी निवडत बसायच्या आणि डोळा माझ्यावर. मी त्याला जरा जोरात मांडीवरून उचललं की लगेच, "हळू गं. गाठोडं न्हाय ते." मला वाटायचं, ही बाई माझं पोर माझ्याकडून काढून घेणार. आज सांगते, तेव्हा कधीकधी असंही वाटायचं, की घ्या एकदाचं काढून.

हो, वाटायचं. रात्रभर किरकिर, सकाळी अंग मोडलेलं, आणि वर आरशात बघावं तर कुणीतरी भलतीच बाई. पोर हसलं की जीव ओवाळून टाकावासा वाटायचा. आणि घटकाभरात तेच पोर रडायला लागलं की उठून तडक तुळजापूरच्या गाडीत बसावं, मागं वळून बघू नये, असं वाटायचं. हे बोलायचं कुणाशी? बोलायची एकच जागा होती, आणि तीही दुष्काळानं दिलेली.

गावात सोसायटीची पिठाची गिरणी होती. तिचं इंजिन थंड ठेवायला हौदभर पाणी लागायचं. माणसांनाच प्यायला नाही तिथं इंजिनाला कुठून देणार? गिरणी बंद पडली आणि घरोघर कोपऱ्यात पडलेली जाती बाहेर निघाली. रेशनची ती परदेशी तांबडी ज्वारी, मिलो म्हणायचे तिला, दळून दळून माझ्या तळहाताला फोड आले. मी जन्मात कधी दळलं नव्हतं. आत्याबाईंनी समोर बसवून शिकवलं. एक खुंटा, दोघींचे हात, तोंडासमोर तोंड.

पहिल्याच पहाटे त्यांनी मला जात्याची रीत सांगितली. "हितं बाईनं मनातलं सांगावं. मी म्हणंल ते तू ऐक, तू म्हणशील ते मी ऐकीन. पर उठल्यावर त्याचा जाब न्हाय विचारायचा. सासूच्या नावानं बोटं मोडलीस तरी म्या काय म्हणणार न्हाय."

मला वाटलं, हा सापळाच आहे. माझ्याकडून काढून घ्यायचं आणि नवऱ्याच्या कानात ओतायचं. म्हणून आठवडाभर मी नुसती माहेरची, भावाची ओवी म्हणत राहिले. मग एका पहाटे, पोर रात्रभर उराशी लोंबकळलेलं, डोळ्यांत वाळू, तोंडातून आपसूक निघून गेलं:

तान्ह्या माझ्या बाळा, हसू तुझं लई गोड
घडीभर तरी मला एकलीला सोड

म्हटलं आणि जीभ चावली.  आत्याबाईंनी मूठभर ज्वारी जात्यात घातली आणि ओढत राहिल्या. दुसऱ्या दिवशी मी आणखी धीट झाले:

बाळ माझ्या मांडीवर, मांडी माझी अवघडली
कुणाची ही आई बाई, अंगात माझ्या शिरली

ह्यावरही त्या नुसत्या ओढत राहिल्या. दिवसा मात्र त्यांची नजर जास्तच माझ्या हातावर राहायला लागली. बघा, जाब विचारत नाहीत पण डोळ्यात तेल घालून बसतात, असं माझ्या मनानं घेतलं.

घरात दाणा नाही म्हटल्यावर मला सरकारच्या दुष्काळी कामावर खडी फोडायला जावं लागलं. काम गावापासून कोसभर. लेकराला तिथं न्यायचं तर धूळ आणि ऊन. आत्याबाई म्हणाल्या, "मी हाय की. सांभाळते." सकाळी त्याला पाजून जायचं, दिवसभर त्या शेळीचं दूध कापसाच्या वातीनं पाजणार, सांजेला मी परत. दुपारी चोळी भिजायची. बाभळीच्या आड जाऊन दूध पिळून टाकायची आणि त्या फुफाट्यात ते जिरताना बघून रडायची. रडू लेकरासाठी यायचं, आणि त्याच्यापासून कोसभर लांब आहे ह्याचं बरं वाटतंय म्हणूनही यायचं.

माझ्याशेजारी एक बाई खडी फोडायची, तीन लेकरांची आई. माझे डोळे बघून एक दिवस म्हणाली, "रातच्याला झोपू देत न्हाय व्हय?" आणि कमरेच्या पिशवीतून काळपट गोळी काढून चिंधीत बांधून दिली. अफू. "राईएवढी बोटावर घ्यायची, तोंडात आतून टाळूला लावायची. गप पडतंय. माझी तिन्ही अशीच वाढली."

मी ती घेतली. नको म्हटलं नाही. त्या रात्री पोर दोन तास ओरडलं तेव्हा चिंधी सोडलीसुद्धा. राईएवढा कण बोटाच्या टोकावर घेतला आणि बोट त्याच्या ओठापाशी नेलं. त्यानं ते धरलं, त्याच्या पाच बोटांनी, आणि तोंडाकडं ओढायला लागला. त्याला वाटलं, आईनं काहीतरी खायला आणलंय. मी हात असा झटकला की कण कुठं उडाला ते दिसलंसुद्धा नाही. मग जमीन पदरानं पुसत बसले. उरलेली गोळी मात्र टाकली नाही. का नाही टाकली? पुन्हा लागली तर, म्हणून. चिंधीला गाठ मारून माझ्या ट्रंकेत तळाशी घातली.

चार दिवसांनी बघितलं तर चिंधी नव्हती.

ट्रंक उघडणारं तिसरं माणूस घरात नव्हतंच. आणि नेमकं त्याच आठवड्यात पोर बदललं. मी सांजेला परतायची तर ते मेल्यासारखं झोपलेलं. पाजताना दोन घोट घेतले की मान टाकायचं. रात्रभर हूं नाही की चूं नाही. जी झोप मी देवाकडं मागत होते ती मिळाली, आणि माझीच झोप उडाली. दर घटकेला त्याच्या नाकाखाली बोट धरून बघायची. मग एका सांजेला त्याचे पाय पुसताना दिसलं, तळपायांवर बारीक बारीक लाल वण. नखांचे. दोन्ही पायांवर.

माझ्या डोक्यात सणक गेली. म्हातारी माझ्या लेकराला दिवसा चिमटे काढते आणि रडलं की अफू देऊन निजवते! नवऱ्याला यायला अजून आठ दिवस होते. विचारावं तर कसं? चिंधी कुठं गेली म्हणायची खोटी, की ती आली कुठून, हे त्या विचारणार. मी चोर, त्याही चोर, आणि मध्ये ते पोर. कामावर न जावं तर चूल थंड. आणि गेले तर ते त्यांच्याच हातात. त्या रात्री मी त्याला छातीशी धरून बसून राहिले आणि पहाटे तशीच जात्यावर गेले. जाब विचारायचा नाही ना? मग इथंच विचारते, म्हटलं.

चिंधीची ती गाठ माझी, कुणी सोडली चोरून
बाळ माझं झोपी गेलं, हाक ऐकेना दुरून

आत्याबाईंचा हात थांबला नाही. उलट जातं जोरात फिरायला लागलं, इतकं की माझा हात नुसता खुंट्याबरोबर ओढला जात होता. मला वाटलं, आता बाई खवळणार. मग त्यांनी सूर धरला. सूर कसला, घशातली खरखर.

गाठ तुझी सोडली सुने, चुलीमंदी जाळियली
असल्याच गं गाठीनं म्या, लेक माझी निजविली

मला आधी कळलंच नाही. लेक? ह्यांना तर एकच मुलगा, माझा नवरा. त्या खाली बघून ओढत होत्या.

सांजच्याला आले घरी, पान्हा चोळीत मावंना
हलवून हलवून बाई, लेक उठता उठंना

अगं आई गं. मी खुंटा घट्ट धरला. त्या थांबायला तयार नव्हत्या, जणू एकदा थांबल्या असत्या तर पुढं म्हणताच आलं नसतं.

नातू डोळा लावी तवा, जीव माझा ऱ्हाईना
चिमटा घेते तळपायी, रडल्याबिगर सोडीना

जातं रिकामंच फिरत होतं. दगडावर दगड घासल्याचा तो कर्कश आवाज, आणि मूठ घालायचं भान दोघींनाही नव्हतं. म्हणजे ह्या बाईनं त्याला दिवसभर झोपूच दिलं नव्हतं. डोळा लागला की चिमटा. रडला की छातीशी. पुन्हा डोळा लागला की पुन्हा चिमटा. सांजेपर्यंत जागवलेलं पोर रात्री मेल्यासारखं पडणार नाही तर काय करणार? आणि मी काय काय रचून बसले होते!

आत्याबाई उठल्या, लुगड्यावरचं पीठ झटकलं. आता बोलायचं नाही ही रीत. मी मोडली.

"आत्याबाई, मी ते त्याच्या ओठापर्यंत नेलं होतं. एकदा."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. "तोंडात गेलं?"

"न्हाय."

"मग झालं." आणि भिंतीला हात टेकून, "मला बी लई झोप आली व्हती गं पोरी. दुसऱ्याच्या शेतात खुरपायला जायची. तुझ्याएवढीच व्हते." प्रयत्न करूनही मला त्यांचा राग आला नाही. स्वतःचा आला.

त्या दिवशी मी खडीवर गेले नाही. मुकादम नाव कापतो तर कापू दे. म्हटलं, "आज ह्याला झोपू द्या. मी बसते तुमच्याबरोबर." त्या नको नको म्हणत होत्या. तरी मी त्याला पोटभर पाजून गोधडीवर निजवलं आणि दोघी दोन बाजूंना बसलो. तास गेला. पोर गाढ. आत्याबाईंचा हात हळूच त्याच्या पायाकडं सरकला. मी तो धरला. दुसरा सरकला, तोही धरला. "बघ की गं, हलत न्हाय," त्या म्हणाल्या. "पोट हलतंय, आत्याबाई. बघा." आणखी एक तास गेला. बाहेर ऊन पांढरंफटक. खोटं कशाला सांगू, माझा मेला स्वभाव, माझ्याही मनात पुन्हा पाल चुकचुकली. चिंधी खरंच जाळली असेल ना? का म्हातारी रचून म्हणाली? मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं. त्यांच्या कपाळावरून घामाचे ओघळ चालले होते आणि ओठ नुसते हलत होते. असं तोंड कुणाला रचता येत नाही. पण माझी छाती दुधानं दगड झाली होती आणि पोर काही उठत नव्हतं. आता त्यांचे हात मी धरले होते की माझे त्यांनी, कळत नव्हतं.

दुपार कलली तेव्हा त्यानं एक पाय झाडला. मग तोंड वाकडं केलं. मग लाल झाला, आणि असा टाहो फोडला की दारातली शेळी दचकून उठली. कुणी चिमटा घेतला नव्हता. नुसती भूक लागली होती.

मी उचलायला वाकले, तर आत्याबाईंनी आधीच त्याला उचललं होतं. ते पाठ ताणून ओरडत होतं, त्यांच्या तोंडावर लाथा मारत होतं, आणि त्या त्याला गप्प करायच्या नादाला लागतच नव्हत्या. त्याला छातीशी धरून त्यांनी तोंड रिकाम्या भिंतीकडं वळवलं आणि हळू आवाजात सांगत राहिल्या, "उठला गं लेकी. बघ, आपला आपण उठला." मला नव्हत्या सांगत.