नानांचा सीन

रहिमतपुरात लग्नाचं शूटिंग म्हटलं की मानसिंग. वीस वर्षांत या गड्याच्या कॅमेऱ्यातून एकच पाहुणा सुटला, नवरदेवाच्या आत्याचा नवरा, आणि तेवढ्यावरून दोन घरांचं जाणंयेणं बंद झालं. तेव्हापासून तो पंगतीवरून कॅमेरा असा फिरवतो की जेवणाऱ्याला घास गिळवत नाही.

अशा माणसानं शॉर्टफिल्म काढायची म्हटल्यावर व्हायचं तेच झालं. सांगलीतल्या स्पर्धेला दहा मिनिटांची फिल्म पाठवायची होती. गोष्ट साधी: सीमेवरच्या मुलाच्या फोनची वाट बघणारी आई. आईच्या कामाला त्याची चुलती अंबूबाई. पहिल्या दिवशी काकू ठेवणीतली पैठणी नेसून, पावडर लावून आल्या आणि कॅमेऱ्याकडे बघून हसत राहिल्या, कारण मानसिंगनं आजवर सगळ्यांना तेच शिकवलेलं. दुसऱ्या दिवशी काम झकास झालं, पण आवाज कसा आलाय ते ऐकून बघायचं कुणाला सुचलं नाही. घरी लावलं तर काकूंच्या बोलण्यावर उसाच्या ट्रॅक्टरवरची गाणी. तिसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून.

त्यात फिल्ममध्ये दिसायला सगळी भावकी! मेहुणे, शेजारी, सरपंच, सायकलवरून जाणारा मीसुद्धा. फिल्म भरली चौतीस मिनिटं. मानसिंग एकेकाला कापत गेला. माझा शॉट सगळ्यात आधी गेला, हे मी विसरलेलो नाही. शेवटी कापायचा राहिला एकच सीन. लालासाहेबनाना, म्हणजे काकूंचे मालक, रिटायर सुभेदार, फेटा बांधून शिस्तीवर चार मिनिटं बोलतात. शूटिंगला घरही त्यांनीच दिलेलं.

"पप्पा, घरात एवढा दांडगा माणूस बसलाय, मग आजीला कसली काळजी?" मानसिंगची लेक अंकिता म्हणाली. "नानांचा सीन काढा."

"मग तुझ्या लग्नात अक्षता टाकायला कोण येणार? सगळी भावकी तुटंल."

"लग्नाचं मागनं बघू. फिल्म उद्या पाठवायची हाय."

पोरीचं खरं होतं. मानसिंगनं देवाचं नाव घेतलं आणि सीन कापला. पण चोरून करायचा त्याचा स्वभाव नाही. पाठवायच्या आधी नानांच्याच सोप्यात टीव्हीला जोडून फिल्म लावली. मला सोबत नेलं, शिव्या खायला दोघं बरे म्हणून.

नाना फेटा बांधूनच बसले होते. टीव्हीवर काकू पदरानं फोन पुसत होत्या, चूल विझली तरी उठत नव्हत्या, रस्त्यावर गाडी वाजली की मान वळवत होत्या. नऊ मिनिटं पन्नास सेकंदांत सगळं संपलं. मानसिंग हळूच चपला शोधायला लागला.

नानांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ते काकूंना म्हणाले, "मी तिकडं असताना तू अशीच बसायचीस व्हय?"

"तवा फोन कुठला? पोस्टमनची वाट बघायची."

"कवा बोलली न्हाईस."

"तुमी रजेवर आला की बोलू कुठं द्यायचा? शिस्तीवरच चालायचं तुमचं."

मला हसू फुटत होतं. नानांनी फेटा उतरवून मांडीवर ठेवला.

"मान्या," ते म्हणाले, "परत लाव. पहिल्यापासनं."