खालच्या पट्टीतल्या इंदूकाकू

इंदूकाकू पहिल्यांदा माझ्या दारात आल्या त्या काखेत गादी घेऊन. "तू घरीच गाणे रेकॉर्ड करतं म्हणे. मंग हे खिडकीले लाव. रस्त्यावरचे ऑटो आपल्या गाण्यात नको."

अमरावतीत त्या आमच्याच गल्लीत राहायच्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या. माहेर तिवश्याचं, फुलांच्या मळ्याचं. शेवंती तोडता तोडता त्यांची आई गाणी रचून म्हणायची. ती गाणी आता एकट्या काकूंनाच येत होती, आणि काकूंच्या घशात गाठ निघाली होती. ऑपरेशननंतर आवाज राहीलच, असं डॉक्टर सांगत नव्हते. मी काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या, "रडाले वेळ नाही भाऊ. माईक कुठं हाय?"

रेकॉर्डिंग ही माझी घरगुती हौस. मी आधी गिटार वाजवून ठेवायचो, मग हेडफोन लावून त्या गायच्या. आवाज नको म्हणून पंखा बंद, दोघेही घामाघूम. सूर लागला की नेमकी शेजारच्या कुकरची शिट्टी व्हायची. काकू पदरानं कपाळ पुसून एवढंच म्हणायच्या, "पुन्हा." एकदा शेवटच्या कडव्यात खोकल्याची उबळ आली. मी म्हटलं, "उद्या करू."

"उद्याचा आवाज कोनं पाह्यला?" त्या पाणी प्यायल्या आणि पहिल्या ओळीपासून गायल्या.

मिक्सिंगच्या वेळी खुर्ची ओढून शेजारी बसत. गिटार जरा मोठी झाली की, "थे माह्या पुढंपुढं पळून राहिली. तिले मागं बसव." मी आवाजाला थोडा घुमारा दिला, तर म्हणाल्या, "काढ ते. मी का विहिरीत उतरून गाऊन राहिली?" ओळींमधले श्वास कापले तेव्हा मात्र चिडल्या. "काहून कापले? वाकून फुलं तोडते बाई, दम लागनच ना!" मी श्वास परत जोडले. गाणं जिवंत झालं.

ऑपरेशन झालं. गाठ गेली, पण आवाज फाटला, खरखरीत झाला. काकूंनी अकोल्याला, जुन्या शहरात लेकीकडे कायमचं राहायला जायचं ठरवलं. निघायच्या दिवशी सकाळी त्या आल्या. मला वाटलं, निरोप घ्यायला आल्या. त्या सरळ माईकसमोर बसल्या.

"एक गाणं राह्यलं. पट्टी उतरव."

मी तारा खाली उतरवल्या. या वेळी दोघांनी एकदमच सुरुवात केली. वरच्या सुरावर त्यांचा आवाज तुटला, तसा माझा हात गिटारवर थबकला. त्यांनी मानेनंच 'वाजव' म्हटलं, तुटलेला शब्द नुसता बोलून टाकला आणि पुढची ओळ धरली. अशीच त्यांनी सगळी कडवी पार केली.

मी त्यांना गाणं ऐकवलं. बाहेर लेक गाडीत सामान ठेवून हाका मारत होती. काकू हेडफोन दोन्ही हातांनी कानावर दाबून बसल्या होत्या.

"माय म्हातारपनी अशीच गाये," त्या म्हणाल्या. "अजून एक डाव लाव."