कुमुदताईंचा शनिवार आणि माझे एक वाक्य

कुमुदताई सबनीस यांना मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा त्या आमच्या कॉलेजच्या खिडकीसमोर, परीक्षेचे फॉर्म भरणाऱ्या मुलांच्या रांगेत उभ्या होत्या. साठी नुकतीच ओलांडलेली, सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी. कारकुनाला वाटले, कोणाची तरी आई असेल. त्याने वर न बघता "लाइनमां, बेन" म्हटले आणि त्या मुकाट्याने रांगेत लागल्या. पाऊण तासाने खिडकीशी पोचल्यावर त्यांनी विचारले, प्राचार्यांची खोली कुठे आहे? मी तेव्हा तिथूनच चाललो होतो.

"आधी सांगायचं ने, बाई. उगाच रांगेत उभ्या राहिलात," मी म्हटले.

"उगाच कशाला? पुढच्या मुलाला फ्रिज-एसीचा कोर्स नको होता, काकांनी घातलं. मागच्या मुलीला लॅबमध्ये काम करायचंय, पण कारखान्यातली लॅब तिने बाहेरूनसुद्धा पाहिलेली नाही. तुम्ही इथे शिकवता ने? म्हणजे तुम्हाला ठाऊकच असेल."

मला ठाऊक नव्हते. त्या दोघांनाही मी वर्षभर शिकवत होतो. माझा विषय कार्यालयीन पत्रव्यवहार. अर्ज, स्मरणपत्र, इतिवृत्त, ठराव. मुलांची नावे मला हजेरीपटावरून माहीत होती. चौदा वर्षांपूर्वीचा तो दिवस आठवला की अजून मान खाली जाते, आणि पुढे जे सांगायचे आहे ते पाहता ती खालीच राहिलेली बरी.

ज्यांना आमचे कॉलेज माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. हे कम्युनिटी कॉलेज आहे. दहावी-बारावीनंतर दोन वर्षांत हाताला काम मिळेल असे शिक्षण इथे देतात. मुले करजण, पादरा, डभोईकडून बसने येतात. बहुतेकांच्या घरात ऑफिसची पायरी चढलेला कोणी नसतो. संस्था मात्र बडोद्यातल्या जुन्या मराठी घराण्यांनी काढलेली, संस्थानाच्या नोकरीतून आलेल्या लोकांनी. तिची एक रीत अजून टिकून आहे. बैठकीत चर्चा होते ती गुजरातीत, आणि ठराव लिहिला जातो मराठीत. गेली वीस वर्षे तो मी लिहितो. माझे पणजोबा हुजूर कचेरीत खलिते लिहीत असत आणि त्यांच्या अक्षराचे व भाषेचे कौतुक आमच्या घडियाळी पोळातल्या घरात अजून चालते. मलाही त्याचा अभिमान होता.

कुमुदताई मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात कर्मचारी अधिकारी होत्या. माणसे निवडण्यात त्यांची उभी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी प्राचार्यांकडे फक्त एक खोली आणि दोन खुर्च्या मागितल्या. दर शनिवारी दुपारी तीन ते सहा या वेळात मुलांशी बोलेन म्हणाल्या. मोबदला काहीच नको हे ऐकून प्राचार्य सावध झाले. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारले, "आमनो स्वार्थ शुं हशे?" बाईंचा यात काय स्वार्थ असेल, हा प्रश्न त्यानंतर चौदा वर्षे संस्थेत कोणी ना कोणी विचारतच राहिले. उत्तर सापडले नाही म्हणून विचारणाऱ्यांचा संशय गेला, असेही झाले नाही.

ताईंची पद्धत जगावेगळी होती. मुलाखतीची तयारी म्हणून त्या मुलांना प्रश्न विचारत नसत. मुलाला साहेबाच्या खुर्चीत बसवत आणि स्वतः उमेदवार होऊन दाराबाहेर जात. मग दार वाजवायचे आणि आत यायचे. ताई उशिरा येत, पुटपुटत, न विचारता बसत, येत नाही ते येते म्हणून ठोकून देत. मुलाने प्रश्न विचारायचे आणि ही बाई ठेवावी की नाही ते ठरवायचे.

रांगेतली ती मागची मुलगी म्हणजे जिज्ञासा. करजणजवळच्या खेड्यातली. पहिल्या दिवशी ती साहेबाच्या खुर्चीत बसायलाच तयार नव्हती. बसली तेव्हा अगदी कडेला. ताईंनी तिला मोठ्या तोऱ्यात सांगितले की आपल्याला लॅबमधले प्रत्येक यंत्र चालवता येते. जिज्ञासा टेबलाकडे बघतच हळूच म्हणाली, "बेन, तमे खोटुं बोलो छो."

"हो, खोटं बोलतेय. तुला कसं कळलं?" ताईंनी विचारले.

"यंत्राचं नाव नाय घेतलं ने तुम्ही," ती मोडक्या मराठीत म्हणाली.

"मग साहेबालाही असंच कळतं. तुला जे येत नाही ते येत नाही म्हण, आणि येतं त्याचं नाव घे."

पुढे मुलाखतीच्या आठ दिवस आधी ताई तिला सिटी बसने त्या कारखान्याच्या फाटकापर्यंत घेऊन गेल्या. आत जायचे नव्हते. फाटक, पहारेकरी, समोरचे चहाचे दुकान एवढेच पाहून दोघी परतल्या. मी हसलो होतो. फाटक काय बघायचे, असे मी म्हटल्याचे मला आठवते. "करंदीकर, तुम्ही पहिल्या दिवशी नोकरीवर गेलात तेव्हा वडील बरोबर होते ने?" त्यांनी विचारले. होते. वडिलांचे साहेबच माझे साहेब होते. जिज्ञासाला ती नोकरी मिळाली, आणि आज ती त्याच लॅबमध्ये नव्या मुलींना शिकवते. ताईंच्या पंच्याहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथाच्या गुजराती विभागात तिचा लेख आहे. तो आधी वाचावा, मग माझा.

ताई मृदू आहेत असे या ग्रंथात जागोजागी लिहिलेले आढळेल. माझा अनुभव वेगळा आहे. एका विश्वस्तांच्या पुतण्याला कुठल्याशा कंपनीसाठी ताईंची चिठ्ठी हवी होती. ताईंनी त्याला शनिवारी रांगेत बसायला सांगितले. दोन शनिवार बसला, तिसऱ्याला काकांना घेऊन आला. काकांनी गोड बोलून पाहिले, मग आवाज चढवला. ताई म्हणाल्या, "काका, याचा नंबर आला की तुम्हालाही बोलवते. तुम्हालाही थोडी तयारी लागेल असं वाटतं." मुले हसली. ते हसणे काकांच्या जिव्हारी लागले आणि तिथेच राहिले. लोक अपमान विसरतात असे म्हणणाऱ्यांनी आमच्या कार्यकारिणीत येऊन बसावे.

ताईंचे माझ्यावरचे उपकार सांगायचे तर एकच सांगतो. माझी पत्नी तीन आठवडे दवाखान्यात होती. परीक्षा तोंडावर होती. माझा वर्ग कोणी घेईना. सहकाऱ्यांनी काळजी मात्र भरपूर व्यक्त केली. ताई दवाखान्यात भेटायला आल्या नाहीत याचे मला वाईट वाटले होते. परत आल्यावर कळले की त्या वासण्याच्या आपल्या घरून रोज येऊन माझा वर्ग घेत होत्या. आदल्या दिवशी माझेच पुस्तक घरी नेऊन वाचायच्या. मी आभार मानायला गेलो तर म्हणाल्या, "तुमच्या पुस्तकात पत्रं फार सुंदर आहेत हो. पण मुलांना कळत नाही, पत्र लिहिणाऱ्याला हवंय काय." मला ती चेष्टा वाटली. आता वाटते, त्यांनी मला वेळेवर सांगितले होते.

यंदा ताईंना पंच्याहत्तर वर्षे पूर्ण होतात. कार्यकारिणीत विषय निघाला. गौरवग्रंथ, शाल, जाहीर समारंभ आणि शनिवारच्या खोलीला त्यांचे नाव. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग त्याच काकांनी सांगितले की मुलांच्या मार्गदर्शनासाठी एक एजन्सी ठरवली आहे. मोठा पडदा बसेल, त्यावर तज्ज्ञांची भाषणे दिसतील, सगळे इंग्रजीत. "बेनने हवे घरे बेसाडो," ते म्हणाले. "उंमर थई." बाईंना आता घरी बसवा, वय झाले. कोणी हूं की चूं केले नाही. गौरवाच्या विषयात विरोध कोण करणार? मीही केला नाही. मी चिटणीस होतो, माझे काम लिहिण्याचे होते.

मी ते असे लिहिले: "आदरणीय कुमुदताईंच्या प्रदीर्घ व निरपेक्ष सेवेविषयी कृतज्ञता व्यक्त करून, त्यांच्या वयाचा यथोचित मान राखत, ही सभा त्यांना शनिवारच्या उत्तरदायित्वातून सन्मानपूर्वक मुक्त करीत आहे."

वाक्य जमल्याचा मला आनंद झाला होता, हे इथे लपवत नाही. घरी येऊन मी ते पत्नीला वाचून दाखवले. ती म्हणाली, "म्हणजे त्यांना काढलं?" मी म्हटले, तसे नसते ते, ही रीत असते. घरी बसवा या उद्धट बोलण्याला मी जरीचा शेला गुंडाळला आणि आतले काय आहे ते मलाही दिसेनासे झाले. काकांना ते असे कधीच लिहिता आले नसते. गुजरातीत जसे बोलले तसे कॉलेजच्या सूचना फलकावर लागले असते तर मुलांनी फलक फोडला असता.

ताईंना कोणी कळवले नव्हते. समारंभात ठरावाची प्रत चांदीच्या तबकातून द्यायची असे ठरले होते. पुढच्या शनिवारी त्या नेहमीप्रमाणे तीनला आल्या. खोलीला कुलूप. दारावर सुतार त्यांच्याच नावाची पितळी पाटी बसवत होता. पाच-सहा मुले उभी होती. एका मुलीची सोमवारी मुलाखत होती. शिपायाने मला फोन केला. मी पोचलो तेव्हा ताई सूचना फलकापुढे चष्मा लावून ठराव वाचत होत्या. पूर्ण वाचला. पुन्हा वाचला.

"वाक्य छान आहे, करंदीकर," त्या म्हणाल्या. "कोणाचं?"

"माझं," मी म्हटले.

त्यांनी चष्मा काढून पिशवीत ठेवला. "वाटलंच," एवढेच म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. असता तर मला उत्तर देता आले असते. मग त्या मुलांकडे वळून म्हणाल्या, "चालो, सायकल स्टँडवर सावली आहे." मुले निघाली. ती सोमवारची मुलगी जाताना माझ्याकडे बघून गेली. मी घरी गेलो आणि दुपारी झोपलो.

त्यानंतर प्रत्येक शनिवारी ताई सायकल स्टँडच्या पत्र्याखाली बसतात. एप्रिलच्या उन्हात तो पत्रा तापतो तो कसा, हे बडोद्यात राहणाऱ्याला सांगायला नको. तीन शनिवार मी तिकडे फिरकलो नाही. चौथ्या शनिवारी गेलो. वाटले होते, त्या मान फिरवतील. त्यांनी एका मुलाला सरकायला सांगितले. "बसा. याला अर्ज लिहायचाय. तुमचाच विषय आहे," त्या म्हणाल्या. मी अर्ज सांगू लागलो आणि दुसऱ्याच ओळीला त्यांनी मला थांबवले. "त्याला काय हवंय ते आधी विचारा ने." विचारले. त्याने चार शब्दांत सांगितले. ते चार शब्दच आम्ही लिहिले.

खोलीतला पडदा बसला आहे. मी दोनदा डोकावलो. समोर कोणी नव्हते आणि तज्ज्ञ बोलत होते.

ठराव रद्द करावा असा प्रस्ताव मी गेल्या बैठकीत मांडला. या वेळी गुजरातीतच मांडला, साधा. अनुमोदन मिळाले नाही. एक जण म्हणाले, पत्रिका छापून झाल्या. दुसरे म्हणाले, ताईंचीच काही तक्रार नाही. काका म्हणाले, समारंभाच्या दिवशी पाहुण्यांच्या गाड्यांसाठी सायकल स्टँड मोकळे करून घ्या. समारंभ शनिवारी आहे. ताईंचा गौरव होत असताना ताईंना मुलांना घेऊन बसायला जागा नसेल, आणि त्या मंचावर बसलेल्या असतील तेव्हा खाली कोणीतरी मुलगा आपला नंबर कधी येणार म्हणून वाट बघत असेल. हे इतिवृत्तात नोंदवण्याची सूचना मी केली. ती फेटाळण्यात आली. इतिवृत्त मीच लिहिल्यामुळे फेटाळल्याची नोंद मात्र आहे.

या ग्रंथाचे संपादनही माझ्याकडे आहे, म्हणून हा लेख गाळला जाणार नाही. माझ्यानंतर चिटणीसपदासाठी दुसऱ्या कोणाची भाषा चांगली असेल तर त्यांनी अर्ज करावा. ठरावातले माझे वाक्य मी परत घेतो. त्या जागी असे वाचावे: कुमुदताईंना कॉलेजने काढून टाकले, कारण त्या कोणाच्या पुतण्याला पुढे घेत नव्हत्या, आणि आम्ही गप्प बसलो.

आता प्रथेप्रमाणे आयुष्य चिंतायचे. ताई, तुम्ही बऱ्या राहा. डोळ्यांचे ऑपरेशन पुढे ढकलू नका, उन्हात डोक्याला काहीतरी बांधा, शनिवार चुकवू नका. त्या ठरावाखाली नऊ सह्या आहेत. त्या नवांतला शेवटचा माणूस गेल्यावरही तुम्ही असाव्यात, त्या खोलीचे कुलूप उघडून घ्यावे आणि दुसरी खुर्ची ओढून मुलाला बसवावे, अशी माझी मनापासून प्रार्थना आहे. नवांत पहिली सही माझी आहे.