चपलेखालचे धने

जळगावच्या बाजारात पोत्यावर बसून बियाणं विकणारे एक आबा होते. गॅलरीतल्या डालड्याच्या डब्यांसाठी मी दर हिवाळ्यात त्यांच्याकडून कोथिंबिरीचा वाण निवडायचो. कधी गावरान, कधी रुंद पानाचा, कधी हायब्रीड. आबा धने तळहातावर घेऊन हुंगायचे आणि मान डोलवायचे. डब्यात चार काड्या उगवायच्या. घरात माझं हसं व्हायचं, मी वाणाला दोष द्यायचो.

चौथ्या वर्षी त्यांनी विचारलं, "पेराना आगोदर धने चपलखाले रगडतस ना?"

धन्याचे दोन भाग केल्याशिवाय ते नीट उगवत नाहीत, हे मला तेव्हा कळलं.

"आबा, आधी का नाही सांगितलं?"

"तुमीन वाण इचारा, भाऊ. पेरानं कोठे इचारं?"

एवढं बोलून त्यांनी नवे धने हुंगून पुढे केले. मी विचारलं, "याचं पान रुंद की बारीक?"