उजवीकडचा फॉग लाइट

दादाने इथे जर्मनीत दोन वर्षं खपून भाड्याच्या गॅरेजमध्ये स्वतःच्या हातांनी गाडी बांधली. तपासणीत पास झाली तरच नंबर प्लेट मिळणार, नाहीतर ती नुसतं भंगार. धुक्यात मागच्याला दिसणारा लाल फॉग लाइट आम्ही दोघांनी जोडला आणि भारतातल्या सवयीने उजवीकडे लावला. इथे तो डावीकडे किंवा मधोमध लागतो.

तपासनीस वाकून बघत हसला. "तुमच्याकडे चालत असेल हे."

चूक आमची होती, कबूल. पण त्यात आमचा देश कशाला आणायचा? मी फाडकन म्हणाले, "फक्त लाइटबद्दल बोला."

दादा मराठीत पुटपुटला, "बाई, तुझा मोर्चा घरी काढ. शिक्का त्याच्या हातात आहे."

मग पार्किंगमध्येच आम्ही वायर लांबवली आणि लाइट डावीकडे बसवला. तपासनिसाने स्विच दाबून पाहिला आणि शिक्का मारला. दादा त्याला दोनदा डांके, म्हणजे धन्यवाद, म्हणाला. मी एकदाही नाही.

नंबर प्लेट अजून मिळायची होती, म्हणून गाडी परत ट्रेलरवर चढवताना दादा म्हणाला, "झालं ना काम?"

"गाडीचं झालं," मी म्हटलं.