गोळीनंतरचा दीड तास

अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी मला एकच ओळ पाच वेळा लिहायला सांगितली. पहिली ओळ माझी होती, फळ्यावर आयुष्यभर लिहिली तशी. पाचवी मुंग्यांच्या रांगेसारखी. त्यांनी कागद माझ्याकडे फिरवला आणि म्हणाले, "बाई, हा पार्किन्सन्स डिसीज आहे."

ईरा, निनाद, मेंदूतलं डोपामिन नावाचं रसायन कमी होतं आणि हातपाय सांगितलेलं ऐकेनासे होतात, असा हा आजार. अक्षर बारीक होत जाण्याला मायक्रोग्राफिया म्हणतात. माझं ते वर्षभर चाललं होतं. मी चष्म्याचा नंबर बदलून घेतला, पेनं बदलली. हाताचा संशय आला नाही.

मी विचारलं, डोकं राहील ना? डॉक्टर म्हणाले, "आज शाबूत आहे, हे मी लिहून देतो. दोन वर्षांनी देईन की नाही, ते सांगता येत नाही. काही लिहून ठेवायचं असेल तर आता ठेवा."

लिहून ठेवायचं होतंच. आष्टीचं हे घर आणि गावाकडची तीन एकर जमीन मी माझ्या पगारातून घेतली. तुमचा मामा, माझा मुलगा, गेला तेव्हा त्याची बायको, तुमची सुमनमामी, तिशीची होती. मूलबाळ नव्हतं. ती माहेरी गेली नाही, माझ्याजवळ राहिली. तुमचे आजोबा आधीच गेलेले, त्यामुळे मी मृत्युपत्र न करता गेले तर कायद्याने सगळं तुमच्या आईकडे जातं, सुमनला काहीच मिळत नाही. वकिलांनी सांगेपर्यंत हे मलाही ठाऊक नव्हतं. तुमच्या आईला फोन केला. ती एवढंच म्हणाली, वहिनीला दे, आणि उशीर करू नकोस.

जमीन बटईने, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, कसतो तो दिलीप, माझ्या दिराचा मुलगा. जमीन भावकीतच राहिली पाहिजे, असं तो तुमचा मामा गेला त्याच वर्षी म्हणाला होता. माझा आजार कळल्यावर आठवड्याने तब्येत विचारायला आला. सोबत पीकविम्याचा म्हणून एक अर्ज होता. माझी सही अर्ध्यात अडली, तेव्हा त्याने माझं मनगट धरून ती पुरी करून घेतली. मग कागद उजेडाकडे धरून बराच वेळ पाहत राहिला.

"काकू, लई बारीक झाली की सही. ही तर आता कुनालाबी जमंल." आणि हसला.

वाचल्याशिवाय सही करू नका, असं मी शाळेत मुलींना बजावत आले. तो अर्ज मी वाचला नव्हता.

वकिलांनी सांगितलं, मृत्युपत्राला स्टँप पेपर लागत नाही, साधा कागद चालतो. दोन साक्षीदारांच्या देखत सही करायची, त्यांनी माझ्या देखत करायची. ज्याला द्यायचं, त्याला साक्षीदार करायचं नाही. नोंदणी सक्तीची नाही, पण करावीच. शेवटी त्यांनी जे सांगितलं त्याने माझी झोप गेली. दोन मृत्युपत्रं निघाली, तर शेवटच्या तारखेचं धरतात. त्याची नोंदणी नसली तरीही.

म्हणजे मी कितीही नीट कागद केला, तरी माझ्यामागे पुढच्या तारखेचा, बारीक सहीचा दुसरा कागद निघू शकत होता.

माझ्या गोळीचं नाव लेव्होडोपा. ती मेंदूत जाऊन डोपामिन होते. घेतल्यावर अर्ध्या तासाने हात सुटतो आणि दीड तास सुटलेला राहतो. दुय्यम निबंधक कार्यालयात साडेअकराची वेळ होती. मी अकराला गोळी घेतली. वकिलांच्या सांगण्यावरून सुमन आत आली नाही, बाहेर लिंबाखाली बसली. माझ्या शाळेतल्या दोन जुन्या सहकारी साक्षीदार म्हणून माझ्याशेजारी होत्या.

बारा वाजता सर्व्हर बंद होता. साडेबाराला चालू झाला, पुन्हा बंद पडला. मी घड्याळाकडे बघायचं सोडून दिलं आणि हाताकडे बघत राहिले. एक वाजून गेल्यावर बोटं तळहातात वळायला लागली. आमचा नंबर लागला तेव्हा पेन दोनदा खाली पडलं.

कारकून चांगला मुलगा होता. म्हणाला, "आजी, अंगठा द्या ना. चालतो."

रांगेत मला 'बाई' म्हणणाऱ्या दोघी-तिघी होत्या. त्यांना सही मी शिकवली होती. त्यांनी खाली पाहिलं. मला राग आला, आणि त्या रागातच सुचलं. मी वकिलांना कागदाच्या तळाशी एक ओळ वाढवायला लावली: आजपासून माझा हात सही करू शकत नाही; यापुढच्या तारखेचा, माझ्या सहीचा कोणताही कागद खोटा समजावा. ते म्हणाले, यानं कुणाचे हात बांधले जात नाहीत, पण कोर्टाला हे वाचावं लागेल. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला. सगळं मोठ्याने वाचून घेतलं. मग मी अंगठा दिला.

तिसऱ्या दिवशी दिलीप आला. त्याला सगळं कळलेलं होतं. चहा सावकाश प्यायला.

"एवढं इंग्रजी शिकवलं, अन् शेवटी अंगठेबहाद्दर झालात का, काकू?"

मी म्हटलं, हो, झाले.

चपला घालताना तो सुमनकडे बघत म्हणाला, "अंगठा काय, मेल्यालाबी असतो."

थट्टेनेच म्हणाला. आम्ही दोघी हसलो नाही.

हे मी फोनमध्ये बोलून लिहिते आहे. तुमच्या ओळखीत कुणाचं अक्षर बारीक होऊ लागलं, तर चष्म्याच्या दुकानात वर्ष घालवू देऊ नका. मेंदूच्या डॉक्टरकडे न्या, आणि मृत्युपत्र त्याच महिन्यात करायला लावा, हात आणि डोकं दोन्ही जागेवर असताना.

सुमन रोज सकाळी तेल लावून माझी बोटं एकेक करून उघडते. त्यामुळे मी अजून माझ्या हाताने जेवते. मी देवाचे आभार मानायचं विसरते, तिचे विसरत नाही.

तिला एक काम सांगून ठेवलं आहे, त्यात तुमचीही गरज आहे. मी गेल्याचं कळलं की लगेच मामीला व्हिडिओ कॉल करा, भावकी जमायच्या आत, आणि तो बंद करू नका. मला आंघोळ घालण्याआधी ती माझे दोन्ही अंगठे तुम्हाला दाखवील. रडणं नंतर. आधी नीट बघा, त्यांच्यावर शाई आहे का.